खाडा आणि भरपाई

फडात कोयता पायावर बसला, की जखमेच्या आधी खाड्याचा हिशेब सुरू होतो. आज काम बंद म्हणजे आजचा खाडा. तो मुकादमाच्या वहीत चढतो आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या बाकीत मिळवला जातो. कुठे दिवसाला पाचशे, कुठे हजार. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा कोपीत पाय धरून बसला तर बायको एकटी तोडणार किती, मोळ्या बांधणार किती आणि डोक्यावरून वाहणार किती? मग खाडा दोघांचाही धरतात. जखम भरून यायला पंधरा दिवस लागले, तर दवाखान्याचं बिल आणि पंधरा खाडे एवढं नवं कर्ज अंगावर घेऊन जोडी पुन्हा फडात उतरते. मजूर कामावर जखमी होतो आणि त्याचं देणं त्याच्याच नावावर लागतं.

कायदा याच्या नेमकं उलटं सांगतो. काम करताना मजुराला इजा झाली तर देणं मालकाकडे लागतं. हा नियम या देशात १ जुलै १९२४ पासून आहे. शंभर वर्षं उलटली, तरी बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत भरपाई ही ऐकीव गोष्ट आहे आणि खाडा रोजचा. ऊसतोड मजूर कायद्यातून चुकून सुटला असं मला वाटत नाही. कायदा ज्या क्रमाने आला आणि साखर ज्या पद्धतीने उभी राहिली, तो क्रम नि ती पद्धत शेजारी ठेवून पाहिली म्हणजे हा मजूर बाहेर का राहिला ते दिसतं.

या कायद्याची कुळकथा सुरू होते ती जादा भरलेल्या गाडीपासून. १८३५ साली इंग्लंडमधल्या पीटरबरो गावी चार्ल्स प्रीस्टली नावाचा एक पोरगा खाटकाकडे कामाला होता. मालकाने गाडीत बेसुमार माल भरला, गाडी मोडली आणि पोराची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड दिले. पण १८३७ मध्ये वरच्या न्यायालयाने ते काढून घेतले. लॉर्ड ॲबिंजर यांचं म्हणणं असं, की धोका नोकरालाही दिसत होता, तर त्याने गाडीत बसायला नको होतं. असे दावे मान्य केले तर उद्या प्रत्येक मालकाच्या दारात नोकर उभे राहतील. पुढे अनेक दशकं इंग्रजी न्यायालयांत याच विचाराने मजुरांचे दावे फेटाळले गेले: धोका तू पत्करलास, चूक तुझ्या सोबत्याची, मालकाचा काय दोष? ट्रॉलीत उसावर बसून जाणाऱ्या मजुराला आजही हेच ऐकवलं जातं, की बसायला कोणी सांगितलं होतं?

आपल्याकडे १८५५ मध्ये प्राणघातक अपघातांचा कायदा आला, पण त्यात मालकाची चूक वारसांनी सिद्ध करायची होती. मुंबईच्या गिरणीत पट्ट्यात अडकून मेलेल्या कामगाराची विधवा ती कशी सिद्ध करणार? जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विमा आणला, इंग्लंडने १८९७ मध्ये भरपाईचा कायदा केला आणि 'चूक कोणाची' हा प्रश्नच बाजूला ठेवला. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरे. हाच विचार १९२३ च्या वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्टमध्ये आला. तेव्हा दिल्लीच्या विधानसभेत कामगारांचे प्रतिनिधी म्हणून एक मराठी माणूस बसत होता, गोरेगावचे नारायण मल्हार जोशी. १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे आणि १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत असणारे ना. म. जोशी. सोबत्याची चूक दाखवून मालकाने सुटायचं, ही पळवाट बंद व्हायला मात्र १९३८ चा वेगळा कायदा यावा लागला.

पहिल्या कायद्यातले आकडे पाहण्यासारखे आहेत. कामगार मेला तर तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांत जे कमी ते. मेलेला अल्पवयीन असला तर दोनशे रुपये. आणि हे मिळणार कोणाला? रेल्वे, गिरण्या, खाणी, गोद्या अशा ठरावीक धंद्यांतल्या माणसांना. त्यासाठी कायद्याला एक यादी जोडली गेली. शेतावर हाताने काम करणारा माणूस त्या यादीत नव्हता. पुढे शेती आली, पण ट्रॅक्टरने किंवा वाफेवर, विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी होणारी शेती. कोयत्याला इंजिन नसतं.

बीड तेव्हा या कायद्याच्याही बाहेर होतं. जिल्हा निजामाच्या राज्यात. ब्रिटिश हद्दीत अहमदनगर, सोलापूर, पुण्याकडे कालवे निघाले, त्यांच्या पाण्यावर ऊस आला आणि उसापाठोपाठ कारखाने: हरेगाव, माळीनगर, वालचंदनगर. बालाघाटाच्या डोंगरावरचा माणूस मात्र पावसाकडे डोळे लावून ज्वारी-बाजरी पिकवत होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं आणि त्यानंतर भारताचे कायदे इथवर पोचले. योगायोग असा, की त्याच सुमाराला प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ सहकारी साखर कारखाना उभा करत होते. १९५०-५१ च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. मग कारखान्यांची रांग लागली. उसाला तोडणारे हात हवे होते आणि बीड, पाथर्डी, आष्टी भागात दिवाळीनंतर हाताला काम नव्हतं. १९७२ च्या दुष्काळाने उरलेसुरले बांधही फोडले. गावंच्या गावं गाडीला बैल जुंपून पश्चिमेला निघाली.

इथे एक व्यवस्था घडली आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ तिच्यातच आहे. कारखान्याने मजूर नेमलाच नाही. त्याने तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी करार केला, ठेकेदाराने मुकादमाला पैसे दिले, मुकादमाने गावात येऊन उचल वाटली आणि टोळी बांधली. ऊस शेतकऱ्याचा. कोणता फड कधी तोडायचा हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवणार. टोळी कोणत्या गावाच्या शिवारात उतरणार हे स्लिप बॉय सांगणार. वजन कारखान्याच्या काट्यावर, दर टनावर, आणि हिशेब मुकादमाकडे. मजुराच्या हातात नेमणुकीचा कागद नाही, हजेरी नाही, पगाराची पावती नाही. कागद एकच, उचल घेतल्याचा स्टँप पेपर, आणि तोही मुकादमाच्या पेटीत. मजुराच्या दिवसावर चार जणांची हुकमत चालते आणि तो जखमी झाला की चौघेही म्हणतात, हा आमचा माणूस नव्हे.

मालक हात झटकेल, याचा विचार १९२३ च्या कायद्याने केलेला होता. त्याचं बारावं कलम सांगत होतं, की मालकाने आपल्याच धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तर जखमी मजुराला भरपाई मूळ मालकाने द्यायची, मग हवी तर ठेकेदाराकडून वसूल करायची. कारखान्याचा धंदा उसावर चालतो. तोडणी हा त्याच धंद्याचा भाग नाही, असं कोण म्हणेल? पण त्याच कलमाच्या शेवटी एक अट होती. अपघात मालकाच्या ताब्यातल्या किंवा देखरेखीखालच्या जागेत किंवा तिच्या आसपास झालेला असला पाहिजे. आणि फड तर शेतकऱ्याचा. एवढी एक ओळ धरून दावा अडवता येतो. उलट बाजूनेही युक्तिवाद आहे आणि तो मला जास्त पटतो: कोणता ऊस, कोणत्या दिवशी, कोणत्या टोळीने तोडायचा हे कारखाना ठरवत असेल, तर त्या वेळेपुरती फडावर देखरेख कोणाची?

राज्य विम्याच्या वाटेनेही हेच. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, ज्यातून इएसआयची इस्पितळं आणि जखमी कामगाराचं निवृत्तिवेतन आलं, त्याने हंगामी कारखाने वगळले. हंगामी म्हणजे कोणते, याच्या व्याख्येत साखर आणि गूळ नाव घेऊन लिहिलेले आहेत. म्हणजे कारखान्याच्या आतल्या कामगारालाही तो विमा नाही, मग बाहेरच्याचं काय बोलावं? आतल्याला निदान भरपाईच्या कायद्याचा आधार आहे, कारण तो यादीत बसतो. डिसेंबर २०१७ मध्ये परळीजवळ पांगरीच्या वैद्यनाथ साखर कारखान्यात गरम रसाची टाकी फुटली, कामगार भाजले, काहींचा जीव गेला. त्या कामगारांचा मालक कोण, हे शोधावं लागलं नाही. गेटबाहेर, त्याच कारखान्यांना ऊस घालणाऱ्या माणसासाठी सगळी झटापट या पहिल्याच पायरीवर होते.

ऊसतोडीतली सगळ्यांत मोठी संकटं येतात ती रस्त्यावर. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, रात्रीची वेळ, मागे दिवा नाही, उतारावर ट्रॉली कलंडते आणि उसाखाली माणसं सापडतात. जाता-येताना त्याच ट्रॉलीत चूल, पत्रे, शेळ्या, लेकरं. 'कामाच्या ओघात' म्हणजे कुठवर, हा प्रश्न न्यायालयांनी फार वर्षं चघळला आहे. १९५२ च्या जूनमध्ये पोरबंदरजवळ मिठागरातले मजूर खाडी ओलांडताना नाव उलटून बुडाले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नाव सार्वजनिक होती, मालकाची जबाबदारी खाडीपलीकडे संपली. पुढे मुंबईतल्या बेस्टच्या एका चालकाचं प्रकरण आलं. जोगेश्वरीच्या आगारात काम संपवून तो बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला आणि अपघातात गेला. १९६३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, की चालकांनी बसने ये-जा करणं ही सेवेचीच गरज होती, भरपाई द्या. या दुसऱ्या निकालाचं बळ ऊसतोड मजुराला मिळायला हवं. टोळीची ने-आण करायला गाडी पाठवतो तो ठेकेदार, मजुराला दुसरी वाट नसते.

प्रत्यक्षात वकील वेगळी वाट धरतात. ट्रॅक्टर उलटला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं, किंवा भरपाई आयुक्तांकडे. दोन्हीकडे नाही, एक निवडावं लागतं. न्यायाधिकरणात रक्कम मोठी मिळू शकते, पण तिथे आता सहा महिन्यांची मुदत आहे आणि विमा कंपनी दोन हरकती घेते: ट्रॉलीचा वेगळा विमा नव्हता आणि मालवाहू गाडीत बसलेला माणूस फुकट प्रवासी होता. म्हणून दाव्यात मजुराची ओळख बदलते. तो ऊसतोड कामगार राहत नाही, ट्रॅक्टरमालकाने ठेवलेला भरणीचा हमाल होतो, कारण हमालाला विम्याचं संरक्षण आहे. ज्या कामात हात-पाय गेले, त्या कामाचं नाव दाव्याच्या अर्जात येत नाही, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत दुःखाची गोष्ट वाटते.

मजूर गप्प बसले असं नाही. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वाखाली आणि लाल बावट्याखाली संप झाले, कोयते म्यान झाले, शरद पवार आणि मुंडे यांच्या लवादाने दर ठरले. जानेवारी २०२४ मध्येही तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ पदरात पडली. दराची लढाई मजुरांनी पुन्हा पुन्हा जिंकली. अपघाताची मागणी मात्र बहुतेक वेळा विम्याच्या, ओळखपत्राच्या रूपाने मांडली गेली आणि विमा म्हणजे सरकारी योजना. मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचं ठरलं. महामंडळ हवंच, ते आणखी बळकट व्हावं. पण मदत आणि हक्क एक नव्हेत. मदतीसाठी यादीत नाव लागतं, हक्कासाठी न्यायाधीशापुढे उभं राहता येतं.

आणि मधल्या काळात हा हक्क रुंदावत गेला होता, फारसा गाजावाजा न होता. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ओडिशातल्या एका सुताराचं प्रकरण आलं. चित्रपटगृहाचं काम करताना तो पडला, डावा हात कोपरावर कापावा लागला. मालक म्हणाला, एक हात शाबूत आहे. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा त्याचं अपंगत्व शंभर टक्के धरा. आणि पैसे देणं लागतं ते निकालाच्या दिवसापासून नव्हे, अपघाताच्या दिवसापासून. कोयता चालवणाऱ्याला हा निकाल जसाच्या तसा लागू पडावा. १९९५ च्या दुरुस्तीने मजुराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा लावायची मुभा दिली. बेळगाव-बागलकोटकडे पाय मोडलेल्या माणसाला तिकडच्या तारखांना जायची गरज उरली नाही. २००० मध्ये 'नैमित्तिक मजूर' म्हणून वगळण्याची जुनी तरतूद गेली. २००९ च्या दुरुस्तीने कायद्याचं नाव बदललं आणि रकमा वाढवल्या. जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी महिन्याचा पगार १५,००० रुपयांपर्यंत धरता येतो.

या आकड्यांचा अर्थ एका हातावर मोजून पाहा. तीस वर्षांच्या मजुराच्या एका हाताची तीन बोटं कोयत्याने तुटली. कायद्याची अनुसूची त्याला ३० टक्के अपंगत्व मानते. १५,००० चे ६० टक्के, गुणिले तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८, त्याचे ३० टक्के: ५,६१,५४६ रुपये. तोच माणूस मेला असता तर वारसांना १५,५९,८५०. महिनाभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि कारण पटण्यासारखं नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. असा माणूस पट्टा पडल्यावर गावी येतो तेव्हा त्याच्या वहीत मात्र काय असतं? खाडे.

बायकांच्या बाबतीत तर कायद्याकडे शब्दच नाहीत. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पहाटे चारला फडात, गरोदरपणीही डोक्यावर मोळी, पाळीच्या दिवसांत ना पाणी ना आडोसा, आणि दुखलं म्हणून बसलं तर खाडा. ही इजा एका दिवशी, एका ठिकाणी होत नाही, म्हणून तिला अपघात म्हणत नाहीत. व्यवसायजन्य आजारांच्या यादीतही ती नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड मजुरांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली, पण या बायकांच्या शरीराची किंमत कोणी कोणत्या कलमाखाली मोजायची, याचं उत्तर अजून कायद्यात लिहिलं गेलेलं नाही.

वाटेवरच्या अपघाताचं उत्तर मात्र अलीकडे मिळालं. बीडशेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात २२ एप्रिल २००३ च्या रात्री एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीला निघाला होता. कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात तो गेला. मागे बायको, चार मुलं, आई. भरपाई आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण तो कामावर पोचलेला नव्हता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला: वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर कामावर जाताना झालेला अपघातही कामाच्या ओघातलाच. हा नियम आता देशभर लागू आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कलम म्हणून लिहिलेला आहे. १९२३ चा जुना कायदा या संहितेत विरला. धंद्यांची यादी जोडायची पद्धत मात्र तिनेही ठेवली. त्या यादीत 'कारखान्यासाठी हाताने ऊस तोडणारा' हे शब्द घालणं सरकारला एका अधिसूचनेने जमण्यासारखं आहे. बीडच्या आमदार-खासदारांनी पुढच्या हंगामाआधी एवढं एक काम करावं.

तोवर ज्यांच्या घरात कोयता आहे त्यांच्यासाठी एवढंच. फडात इजा झाली तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि 'ऊस तोडताना' हे शब्द केसपेपरवर लिहून घ्या. स्लिप, काट्याची पावती, मुकादमाचा फोनवरचा निरोप, ट्रॅक्टरचा नंबर, सगळं जपून ठेवा. भरपाईच्या दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे. तो आपल्या जिल्ह्यातच लावता येतो. मुकादमाने 'काही मागणी नाही' असं लिहून घेतलेलं असलं तरी तेवढ्याने तुमचा हक्क बुडत नाही, तसा कागद कायद्यापुढे रद्द आहे. मृत्यू झाला असेल तर रक्कम आयुक्तांकडेच जमा व्हावी लागते. अंत्यविधीला कोणी हातावर ठेवलेले पैसे म्हणजे भरपाई नव्हे. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला वकील फुकट देतं, तिचं उत्पन्न न विचारता.